दगडावरची खूण

आम्ही मेडशीच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. समुद्र आमच्यातल्या बहुतेकींनी टीव्हीवरच पाहिलेला. तरी आज एका समुद्रकाठाचा इतिहास सांगणार आहोत, कारण तो ऐकून आम्हाला आमची विहीर आठवली.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका विहिरीवरून वाद झाला. आम्ही म्हणत होतो, आजूबाजूला बोअर झाले तेव्हापासून पाणी खाली गेलं. समोरचे म्हणत होते, उन्हाळ्यात ते नेहमीच एवढं असतं. पूर्वी पाणी कितव्या पायरीला होतं, हे प्रत्येकीच्या सासूनं वेगळं सांगितलं. गटातली दहा रुपयांची उचलसुद्धा आम्ही वहीत लिहितो. पाण्याचं मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. बैठक उठली आणि आमचं म्हणणं तिथंच राहिलं.

आता त्या समुद्राकडे चला. युरोपच्या उत्तरेला स्वीडन देश आहे. त्याच्या पूर्वेच्या काठावर एक भाग आहे, त्याला तिकडे 'उंच किनारा' म्हणतात. पाण्यातून सरळ वर चढलेले डोंगर, मध्ये खाड्या आणि बेटं. २००० साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. तिथल्या काही डोंगरांच्या माथ्यावर माती आणि झाडी टोपीसारखी टिकून आहे, आणि तिच्या खालचा खडक लाटांनी धुतलेला आहे. म्हणजे एके काळी समुद्र तिथवर होता. आजच्या पाण्यापासून ती जागा सुमारे २८५ मीटर उंच आहे!

परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण झालं, ही कथा आपण ऐकतो. तिकडच्या कोळ्यांना तर आपल्या हयातीतच पाणी मागे गेलेलं दिसायचं. बापाच्या वेळी जिथं होडी लागायची, तिथं लेकाच्या वेळी गवत उगवायचं. त्याच समुद्राच्या उत्तर टोकाला लुलेओ नावाचं शहर १६२१ साली वसलं. बंदर इतकं उथळ झालं, की १६४९ साली शहरच पाण्याच्या जवळ हलवावं लागलं.

पण असं का होतं? रेडिओवर तापमान सांगताना 'अंश सेल्सिअस' म्हणतात ना, ते ज्यांच्या नावावरून, त्या आंदेर्श सेल्सिअस यांनी याचा शोध घेतला. त्यांनी म्हाताऱ्या कोळ्यांना विचारलं आणि जुने कागदही पाहिले. सील नावाचा समुद्री प्राणी ज्या खडकांवर येऊन बसायचा, ते खडक शिकारीसाठी मोलाचे होते. त्यांची मालकी आणि कर कागदावर लिहिलेला असायचा. कागदात सीलचा खडक म्हणून नोंद, आणि प्रत्यक्षात तो इतका उंच झालेला की सीलला चढताच येणार नाही! १७३१ साली सेल्सिअस यांनी लोवग्रुंड बेटाजवळच्या एका खडकावर पाण्याच्या पातळीला रेघ कोरून ठेवली.

त्यांना वाटलं, समुद्राचं पाणी आटत चाललंय. तो अंदाज चुकला. पण रेघ जागेवर होती आणि तिचं साल ठाऊक होतं. १८३४ साली चार्ल्स लायेल हे ब्रिटिश भूशास्त्रज्ञ अशा खुणा स्वतः पाहायला गेले, आणि जमीनच वर येते आहे हे त्यांना पटलं. १८६५ साली स्कॉटलंडच्या थॉमस जेमिसन यांनी कारण सुचवलं: पूर्वी तिथं बर्फाचा प्रचंड थर होता, त्याच्या वजनानं जमीन दबली होती.

घरात साठवलेल्या कापसावर तुरीची पोती ठेवली तर कापूस दबतो. पोती काढली तरी तो लगेच फुगत नाही, सावकाश वर येतो. तिथंही तसंच. बर्फ सुमारे तीन किलोमीटर जाड होता. तो वितळून साडेनऊ हजारांहून जास्त वर्षं झाली, तरी जमीन अजून वर येतेच आहे. उंच किनाऱ्यावर वर्षाला साधारण आठ मिलिमीटर, म्हणजे ज्वारीचे दोन दाणे शेजारी ठेवावेत एवढी.

दोन दाण्यांचा फरक कुणाच्या डोळ्याला दिसणार? माणूस विसरतो, आठवणीत भर घालतो, कधी सोयीचं तेवढंच सांगतो. तारीख घातलेली खूण मात्र पुढच्या माणसाला तपासता येते. पहिल्याचं कारण चुकलं तरी दुसरा ते दुरुस्त करू शकतो.

म्हणून आम्ही विहिरीच्या काठावर रंगानं एक खूण केली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला दोराला दगड बांधून तिथून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो. गटातल्या दोघी सोबत असतात. आकडा बैठकीच्या वहीत जातो, खाली दोघींच्या सह्या. बोअरमुळे पाणी खाली गेलं हे आमचं म्हणणं कदाचित चुकीचंही निघेल. निघू दे. पण पुढच्या वादात आमच्या हातात वही असेल.

तुमच्या गावातही एक विहीर निवडा, मैत्रिणींनो. येत्या एक तारखेला पहिला आकडा लिहा.