नेमाचा हिशेब

शिकारीच्या कथा आपण वाचतो त्या रानातल्या एका घटकेसाठी. हलणारे गवत, दबत पडणारे पाऊल आणि एकाएकी झालेला बार, एवढ्यावरच आपले चित्त खिळलेले असते. परंतु त्या घटकेपूर्वी एक नीरस तास गेलेला असतो, निदान जावयास हवा असतो, याची आठवण कथाकारही क्वचितच ठेवतो. तो तास बंदुकीचा नेम जुळवून घेण्याचा. डोळा जेथे पाहतो तेथेच गोळी जाते की नाही, हे कागदी निशाणावर ताडून पाहण्याचा. या तासाचे मोल केवढे आहे हे ज्या प्रसंगावरून ध्यानात येते, तो 1907 साली कुमाऊँच्या डोंगरात घडला.

चंपावतच्या नरभक्षक वाघिणीने, जिम कॉर्बेटने दिलेल्या आकड्याप्रमाणे, नेपाळ व कुमाऊँ मिळून 436 माणसांचा बळी घेतला होता. तेथील तहसीलदाराने 298 माणसे हाकाऱ्यास जमविली. कॉर्बेट जेमतेम तिशी ओलांडलेला, आणि जवळ काडतुसे तीनच! ती तिन्ही संपली. वाघीण जबर घायाळ झाली, पण पडली नाही. तेव्हा कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेला, त्याची जुनी बंदूक मागून घेतली आणि परत आला. त्या बंदुकीच्या नळ्या व मागचा ठोकळा यांच्यामध्ये डोळ्यांस दिसेल अशी फट होती. अवघ्या वीस फुटांवर वाघीण उभी. कॉर्बेटने तिच्या उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली तिच्या उजव्या पंजाला! ती आधीच शेवटचे श्वास घेत होती, म्हणून तेवढ्या धक्क्याने कोसळली. एरवी ही कथा सांगावयास कथाकार उरता की नाही, कोण जाणे.

दोष आपल्या नेमाचा की त्या बंदुकीचा, याचा निवाडा कॉर्बेटलाही करता आला नाही. 1944 साली मुंबईहून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केलेल्या त्याच्या पुस्तकात दोन्ही शक्यता त्याने मोकळेपणाने मांडल्या आहेत. माझ्या मते या प्रसंगाचे मर्म येथेच आहे. पारख न केलेल्या हत्याराचा खरा तोटा हा की, चूक झाल्यावर ती कोणाची हेही कळत नाही. आणि जी चूक कोणाची ते कळत नाही, ती सुधारता येत नाही.

नेम जुळविण्याची विद्या नेमका हाच घोटाळा दूर करण्यासाठी आहे. दुर्बीण नसलेल्या रायफलीवर नळीच्या टोकाशी एक बारीक उंचवटा असतो. त्यास माशी म्हणतात. डोळ्याच्या बाजूस एका लोखंडी पट्टीत खाच असते. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आली की नेम धरला गेला. आता या दोहोंमधील अंतर वीस इंच आहे असे धरा. शंभर यार्ड म्हणजे 3600 इंच, अर्थात वीस इंचांच्या 180 पट. तेव्हा माशी एक शतांश इंच, म्हणजे कागदाच्या दोनतीन पानांच्या जाडीइतकी सरकली, तरी शंभर यार्डांवर गोळी 1.8 इंच दूर जाऊन पडते. तोच न्याय अंतरासही लागू आहे. वीस फुटांवर चार बोटे चुकणारी बंदूक शंभर यार्डांवर साठ बोटे चुकते.

म्हणून जाणता शिकारी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून, हात व श्वास स्थिर ठेवून, एकाच निशाणावर तीन ते पाच गोळ्या झाडतो. एका गोळीवर तो विश्वास ठेवीत नाही; एक गोळी दैवाने बरोबर किंवा चूक लागू शकते. सर्वांचा मध्य कोठे पडतो ते पाहून मग तो हत्यारास हात लावतो. गोळी जिकडे न्यावयाची तिकडे मागची खाच सरकवावयाची. माशी मात्र उलट दिशेस. गोळ्या खाली पडत असतील तर माशी कानशीने किंचित घासून कमी करावयाची. किंचितच, कारण घासलेले लोखंड परत येत नाही. आणि काडतूस बदलले की सारा हिशेब पुन्हा मांडावयाचा. एवढे करूनही डोंगराची खोड लक्षात ठेवावीच लागते: तीव्र चढावर किंवा उतारावर झाडलेली गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला रिग्बीच्या कारखान्याची .275 रायफल भेट दिली. या रायफलीची कुळकथा मोठी गमतीची आहे. जॉन रिग्बी हे 1887 ते 1894 या काळात एन्फील्ड येथील सरकारी शस्त्रकारखान्याचे प्रमुख होते. पण त्यांच्या पेढीच्या या रायफलीची यंत्रणा व काडतूस मूळचे जर्मनीतील मौझरचे. तेच काडतूस स्पेनने 1893 साली आपल्या सैन्यासाठी स्वीकारले आणि 1899 ते 1902 च्या युद्धात बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांवरच चालविले. शत्रूच्या हातची ती गोळी पुढे इंग्रजी नाव धारण करून शिकाऱ्याच्या खांद्यावर आली! 1926 साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या कॉर्बेटने याच रायफलीने मारला. वीस फुटांवर दगा देणाऱ्या बंदुकीच्या प्रसंगानंतर ओळखीची, भरवशाची रायफल हाती यावी, याहून समर्पक बक्षीस ते कोणते?

परंतु हिशेब येथे संपत नाही. वाघीण मेल्यावर कॉर्बेटने तिचे तोंड तपासले. उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले होते; वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. ती इजा पूर्वी लागलेल्या गोळीची होती. तिच्यामुळे नेहमीची शिकार तिला करता येईना आणि म्हणूनच ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष त्याने काढला. म्हणजे कथेच्या शेवटी एक चुकलेली गोळी आहे, तशीच कथेच्या आरंभीही एक आहे. शेवटची चूक निभावली. पहिल्या चुकीची किंमत 436 माणसांनी दिली. त्यांत लाकूडफाट्यास व चाऱ्यास रानात गेलेल्या बाया होत्या. बंदुकीशी त्यांचा संबंध काय?

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकारीचा तो शौक संपला, हे चांगलेच झाले. वाळूची पिशवी, कागदी निशाण आणि कानस यांचे आपणांस आता काय काम, असे कोणी म्हणेल. तरीही त्या नीरस तासाची शिकवण जुनी होणारी नाही. तो पहिला बार काढणारा कोण होता, ते कॉर्बेटने सांगितलेले नाही. आपला नेम थोडका चुकला, एवढेच त्याने मनाशी म्हटले असेल. नेम चुकला म्हणजे गोळी वाया गेली, असे आपण समजतो. वस्तुतः वाया गेलेली गोळी कोठे तरी जाऊन पडतेच. आणि पुष्कळदा ती पडते ती ज्यांनी बंदूक कधी हाती धरली नाही त्यांच्या वाट्याला.