आर्च लिनक्सच्या स्थापनेतील बिनतारी जोडणी

आर्च लिनक्सच्या स्थापनेतील बिनतारी जोडणी म्हणजे ही संचालन प्रणाली संगणकावर बसवताना वाय-फायद्वारे इंटरनेटशी संपर्क साधण्याची प्रक्रिया होय. आर्च लिनक्सची पॅकेजे स्थापनेच्या वेळीच इंटरनेटवरून उतरवली जातात. म्हणून जोडणी ही स्थापनेची पूर्वअट ठरते. या प्रक्रियेचे दोन स्वतंत्र टप्पे आहेत. पहिल्यात पेनड्राइव्हवरून चालणारी तात्पुरती प्रणाली जोडली जाते, तर दुसऱ्यात संगणकावर कायमची बसवलेली प्रणाली. पहिल्या टप्प्यातील जोडणी दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. हा भेद लक्षात न घेतल्यास स्थापना यशस्वी होऊनही नवी प्रणाली इंटरनेटविना राहते.

पार्श्वभूमी

आर्च लिनक्सचा आरंभ जड व्हिनेट यांनी केला. तिची पहिली आवृत्ती ११ मार्च २००२ रोजी प्रसिद्ध झाली. वापरकर्त्याने मागितले तेवढेच बसवायचे, हे या प्रणालीचे धोरण आहे. 'बेस' या मूळ पॅकेजसंचात वाय-फाय जोडणारी आज्ञावली नसते. लिनक्सचा गाभाही वेगळा मागवावा लागतो. ज्या लॅपटॉपांना तारेच्या जोडणीचे छिद्र नसते, त्यांच्याबाबत यातून पेच उद्भवतो: जोडणीची साधने मिळवण्यासाठीच जोडणी हवी असते. पेनड्राइव्हवरील तात्पुरत्या प्रणालीत ही साधने आधीच ठेवलेली असल्यामुळे हा पेच सुटतो.

फर्मवेअर

वाय-फाय चिपला दोन गोष्टी लागतात. लिनक्सच्या गाभ्यातील ड्रायव्हर ही पहिली आणि चिपच्या आत चालणारे फर्मवेअर ही दुसरी. बहुतेक चिपांचे फर्मवेअर 'लिनक्स-फर्मवेअर' या पॅकेजमधून मिळते. ब्रॉडकॉमच्या काही चिपांना मात्र स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो.

तात्पुरत्या प्रणालीतील जोडणी

येथे इंटेलने विकसित केलेली 'आयडब्ल्यूडी' ही आज्ञावली वापरली जाते. तिच्याशी संवाद 'आयडब्ल्यूसीटीएल' या साधनाने साधतात. सर्व आज्ञा रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

१. 'डिव्हाइस लिस्ट' या आज्ञेने वाय-फाय उपकरणाचे नाव कळते. ते बहुधा 'डब्ल्यूलॅन०' असते.
२. 'स्टेशन', उपकरणाचे नाव आणि 'स्कॅन' असे लिहिल्यास परिसरातील जाळ्यांचा शोध घेतला जातो.
३. 'स्कॅन'च्या जागी 'गेट-नेटवर्क्स' लिहिल्यास सापडलेल्या जाळ्यांची यादी दिसते.
४. 'कनेक्ट' आणि जाळ्याचे नाव लिहिल्यावर परवलीचा शब्द विचारला जातो.

राउटरशी संपर्क होणे आणि संगणकाला आयपी पत्ता मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तात्पुरत्या प्रणालीत पत्ता मिळवण्याचे काम 'सिस्टमडी-नेटवर्कडी' आपोआप करते. शेवटी 'पिंग' या आज्ञेने इंटरनेट सुरू असल्याची खात्री केली जाते.

स्थापित प्रणालीतील जोडणी

संगणक पुन्हा सुरू करण्यापूर्वी नव्या प्रणालीत तीन गोष्टी पूर्ण झालेल्या असाव्या लागतात: फर्मवेअर बसवणे, जोडणीची आज्ञावली बसवणे आणि ती संगणकाबरोबर आपोआप सुरू होईल अशी नोंद करणे. ही नोंद 'सिस्टमसीटीएल इनेबल' या आज्ञेने होते. जोडणीसाठी 'नेटवर्कमॅनेजर' हा सर्वपरिचित पर्याय आहे. केवळ आयडब्ल्यूडी वापरल्यास पत्ता मिळवण्याची सोय तिच्या संरचना-संचिकेत चालू करावी लागते किंवा ते काम दुसऱ्या आज्ञावलीकडे सोपवावे लागते. एकाच उपकरणावर दोन व्यवस्थापक चालू ठेवल्यास ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात. तात्पुरत्या प्रणालीतील 'डब्ल्यूलॅन०' हे नावही नव्या प्रणालीत बदललेले असू शकते.

इ.स. २०२१ पासून पेनड्राइव्हवरील प्रणालीत 'आर्चइन्स्टॉल' हे मार्गदर्शक साधन मिळते. त्यात तात्पुरत्या जोडणीची मांडणी नव्या प्रणालीत उतरवण्याचा पर्याय आहे.

सामान्य अडचणी

* उपकरण बंद असणे: 'आरएफकिल' या आज्ञेने स्थिती कळते. आज्ञेने घातलेला अडसर आज्ञेनेच निघतो. लॅपटॉपवरील बटणाने घातलेला अडसर बटणानेच काढावा लागतो.
* उपकरण न दिसणे: ड्रायव्हर किंवा फर्मवेअर उपलब्ध नसल्यास मोबाइल फोन यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. संगणकाला ही जोडणी तारेच्या जोडणीसारखीच दिसते.
* जाळ्याचे नाव देवनागरीत असणे: लिनक्सच्या मजकूर-पडद्यावर एका वेळी कमाल ५१२ अक्षराकृती मावतात आणि जोडाक्षरे जुळवली जात नाहीत, त्यामुळे असे नाव वाचता येत नाही. शिवाय जाळ्याच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'ज्ञानेश्वरी' या शब्दात काना, मात्रा व हलन्त धरून ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट होतात. हे नाव जाळ्याला देताच येत नाही. स्थापनेपुरते रोमन नावाचे जाळे वापरणे सोयीचे ठरते.
* लॉगिन-पान असलेले जाळे: काही वसतिगृहे व ग्रंथालये यांच्या वाय-फायवर ब्राउझरमध्ये नोंदणी करावी लागते. तात्पुरत्या प्रणालीत चित्रमय ब्राउझर नसल्याने तेथे अडचण येते.
* पुन्हा सुरू केल्यावर जोडणी नसणे: यासाठी संपूर्ण स्थापना पुन्हा करावी लागत नाही. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून वाय-फाय जोडावे, डिस्कचे विभाग पुन्हा जोडावेत आणि 'आर्च-क्रूट'द्वारे नव्या प्रणालीत शिरून राहिलेली पॅकेजे बसवावीत.

अन्य प्रणाली

डेबियनच्या अधिकृत स्थापना-माध्यमात मुक्त परवाना नसलेले फर्मवेअर पूर्वी दिले जात नसे. इ.स. २०२२ मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदानाने हे धोरण बदलले आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून असे फर्मवेअर माध्यमातच मिळू लागले. ओपनबीएसडीमध्ये घरगुती वाय-फायसाठी वेगळी आज्ञावली लागत नाही. मूळ प्रणालीतील 'इफकॉन्फिग' हे काम करते. तेथेही अनेक चिपांचे फर्मवेअर स्वतंत्रपणे उतरवावे लागते.