मलकापूर नगरपरिषद (बुलढाणा जिल्हा)

मलकापूर नगरपरिषद ही महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर शहराचा कारभार पाहणारी स्थानिक स्वराज्य संस्था आहे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ६७,७४० असून, चाळीस हजारांपेक्षा अधिक व एक लाखापर्यंत लोकवस्तीच्या शहरांप्रमाणे ही नगरपरिषद 'ब' वर्गात मोडते. चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी गाजलेले मलकापूर हे नव्हे. ते सातारा जिल्ह्यात कराडजवळ आहे.

शहर नळगंगा नदीच्या काठी, मुंबई–नागपूर लोहमार्गावर वसले आहे. मोगल काळात ते वऱ्हाडातील नरनाळा सरकारातील परगण्याचे ठाणे होते.

== रचना ==
नगरपरिषदेचा कारभार 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' अन्वये चालतो. लोकनियुक्त नगराध्यक्ष व नगरसेवक धोरण ठरवतात आणि राज्य शासनाने नेमलेला मुख्याधिकारी त्याची अंमलबजावणी करतो. पाणीपुरवठा, स्वच्छता व आरोग्य, बांधकाम, शिक्षण, महिला व बालकल्याण इत्यादी विषयांसाठी समित्या असतात. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात गेल्याने राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका लांबल्या आणि मुदत संपलेल्या नगरपरिषदांवर प्रशासक बसले. हा खंड डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनी संपला. प्रशासकाच्या काळात कामे थांबत नाहीत. परंतु सभेत उभे राहून जाब विचारणारा प्रभागाचा प्रतिनिधीच नसतो, ही उणीव लहान नव्हे.

== पाणीपुरवठा ==
पूर्णा नदीवरील धुपेश्वर हे शहराच्या पाणीपुरवठ्याचे महत्त्वाचे ठिकाण आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. त्या पट्ट्यात विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी अनेक ठिकाणी पिण्यायोग्य नसते, त्यामुळे नदी व धरणे यांवर अवलंबून राहावे लागते. नदीचे पाणी पंपांनी उचलून शहरापर्यंत आणायचे म्हटले की वीजपुरवठा हाही पाण्याच्या हिशेबात येतो. वीज नगरपरिषदेच्या हाती नाही, पण नळ कोरडा राहिला की तक्रार तिच्याकडेच येते, आणि ते स्वाभाविकही आहे.

मोताळा तालुक्यातील नळगंगा धरण हे वैनगंगा–नळगंगा नदीजोड प्रकल्पाचे शेवटचे टोक आहे. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणातून पाणी आणणाऱ्या या प्रकल्पाला राज्य शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. प्रकल्प मुख्यतः सिंचनासाठी आहे; शहराच्या नळापर्यंत त्याचा लाभ गृहीत धरण्याची घाई करू नये.

== पर्यावरण ==
घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे ओला, सुका व घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे नागरिकांचे आणि तो वेगवेगळा उचलणे नगरपरिषदेचे कर्तव्य ठरले. घंटागाडीत तो पुन्हा एकत्र झाल्यास घरातील वर्गीकरण वाया जाते. शहर नदीकाठी असल्याने कचरा व सांडपाणी यांचा प्रश्न नळगंगेपासून वेगळा काढता येत नाही.

वृक्षतोडीस १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. स्वतःच्या अंगणातील झाडालाही हा नियम लागू आहे, हे अनेकांना कुऱ्हाड लावल्यानंतर कळते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' म्हणून संरक्षण मिळाले. मात्र दसरखेड येथील औद्योगिक वसाहतीच्या प्रदूषणाचे नियंत्रण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे, नगरपरिषदेकडे नाही.

== शिक्षण ==
जिल्हा परिषदेचा अधिकार ग्रामीण भागापुरता असल्याने शहरातील सार्वजनिक प्राथमिक शाळांची जबाबदारी नगरपरिषदेवर येते. मराठीबरोबर उर्दू माध्यमाच्याही शाळा ती चालवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर आणखी एक कर्तव्य सोपवले: आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे. केवळ शाळेत आलेल्या मुलांची हजेरी घेऊन हे कर्तव्य पुरे होत नाही. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुले शोधून पटावर आणणे हे त्यातील सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित काम होय. एक लिपिक जन्मनोंदवही व शाळेचा पट शेजारी ठेवून बसला, तरी निम्मे काम होऊ शकते. जन्म-मृत्यूची नोंद नगरपरिषदेकडेच असते.

खाजगी संस्थांच्या माध्यमिक शाळा व महाविद्यालये नगरपरिषदेच्या अखत्यारीत येत नाहीत. येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाला महानुभाव साहित्याचे संशोधक डॉ. वि. भि. कोलते यांचे नाव आहे. त्यांचा जन्म १९०८ मध्ये मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे झाला.

== उत्पन्न ==
१९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रातील जकात रद्द झाली आणि उत्पन्नाचे एक हुकमी साधन गेले. त्याची भरपाई शासनाच्या अनुदानातून होते. उरलेली स्वतःची साधने म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, बाजार शुल्क व गाळ्यांचे भाडे. मालमत्ता कराच्या देयकात 'शिक्षण कर' असे शीर्ष असते. हा पैसा गावच्या शाळेला मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात १९६२ च्या कायद्याप्रमाणे आकारला जाणारा हा राज्याचा कर असून नगरपरिषद तो केवळ गोळा करून शासनाच्या तिजोरीत भरते.