मानमंदिराच्या गच्चीवरून

काशीस दशाश्वमेध घाटावरून उत्तरेकडे वळले की लगेच मानमंदिर घाट लागतो. आंबेरच्या राजा मानसिंगाने सुमारे १६०० साली बांधविलेला वाडा तेथे गंगेकडे तोंड करून उभा आहे. महाराष्ट्रातून येणारा यात्रेकरू विश्वनाथाचे दर्शन घेतो, गंगास्नान करतो, ब्रह्मघाटाच्या आणि दुर्गाघाटाच्या बाजूस पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांतून एखादी ओळख काढतो आणि परततो. मानसिंगाच्या वाड्याच्या गच्चीवर चढण्याचे त्याला सहसा सुचत नाही. आज श्रोत्यांना त्या गच्चीवर न्यावे असा माझा मानस आहे. कारण अगदी आजच्या एका प्रश्नाचे मूळ मला तेथे दिसले.

गच्चीवर चुन्या-दगडाची यंत्रे आहेत. ती मानसिंगाच्या वंशातील सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात उभारली. ग्रहगणित आणि प्रत्यक्ष आकाश यांचा मेळ बसत नाही हे पाहून त्याने वेध घेण्याचा निश्चय केला. त्याच्या पदरी असलेले पंडित जगन्नाथ सम्राट हे परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात. युक्लिडची भूमिती त्यांनी अरबीवरून ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणली.

जयसिंगाने प्रथम पितळेची यंत्रे वापरून पाहिली. ती लहान असल्यामुळे बारीक भाग वाचता येत ना, आस झिजत आणि मध्यबिंदू सरकत. यंत्र दिसावयास सुबक, पण त्याच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, ही अडचण त्याने स्वतः नमूद करून ठेविली आहे. म्हणून त्याने दगडाची थोरली, अचल यंत्रे बांधविली.

परंतु त्याचे खरे शहाणपण पुढेच आहे. एका ठिकाणच्या वेधावर त्याने भरवसा ठेविला नाही. दिल्लीच्या वेधांचा पडताळा पाहण्यासाठी जयपूर, उज्जयिनी, मथुरा आणि काशी येथेही त्याने वेधशाळा उभारल्या. सम्राटयंत्राचेच पाहा. त्याची मधली तिरपी भिंत ध्रुवाकडे रोखलेली असते. दिल्लीस तिचा चढ साडेअठ्ठावीस अंशांहून थोडा अधिक, तर काशीस सव्वापंचवीसच्या आसपास. कारण प्रत्येक ठिकाणी तो त्या गावाच्या अक्षांशाएवढा ठेवावा लागतो. बांधणी निरनिराळी, नियम मात्र एकच. आज ज्याला आपण ‘मानक’ म्हणतो त्याचा अर्थ याहून सोप्या रीतीने सांगता येईल असे मला वाटत नाही.

१७४३ साली जयसिंग वारला आणि वेधांचे कार्य थंडावले. मथुरेची वेधशाळा पुढे पार नाहीशी झाली. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून काशीच्या संस्कृत पाठशाळेत आलेले थोर गणिती बापूदेवशास्त्री यांनी मानमंदिरातील यंत्रांचे वर्णन लिहिले. पुढे १९१२ च्या सुमारास जयपूर दरबाराने त्यांचा जीर्णोद्धार केला. दगडाचे यंत्रदेखील निगेवाचून खरे बोलत नाही, हा या इतिहासाचा दुसरा धडा होय.

जयसिंगाने जे एका राज्यकर्त्याच्या बळावर केले ते पुढे राष्ट्रांना परस्परांच्या संमतीने करावे लागले. १८६५ साली पॅरिस येथे तारायंत्राचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, कारण सरहद्द ओलांडणारी तार दोन्ही बाजूंस सारखीच वाचता आली पाहिजे. १८७५ साली मीटरचा करार झाला. १९०६ साली विद्युत्‌ उपकरणांच्या मानकांसाठी आंतरराष्ट्रीय आयोग निघाला. १९४७ च्या जानेवारीत आपली भारतीय मानक संस्थाही जन्मास आली.

आता आजच्या काशीकडे वळू. २०१६ च्या सप्टेंबरात ‘स्मार्ट सिटी’ योजनेत या नगरीची निवड झाली आणि पुढे शहरभर बसविलेल्या कॅमेऱ्यांची चित्रे एका नियंत्रण केंद्रात येऊ लागली. योगायोग असा की त्यापुढच्याच महिन्यात, २१ ऑक्टोबर रोजी, ‘मिराई’ नावाच्या आज्ञावलीने जगभरचे घरगुती कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन अमेरिकेतील डिन या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला चढविला. मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. त्या उपकरणांचा दोष काय? कारखान्यात घातलेले ठरावीक परवलीचे शब्द कोणी बदललेच नव्हते.

या अनुभवातून नवी मानके घडली. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने २०२० साली घरगुती उपकरणांसाठी जे मानक प्रसिद्ध केले त्याच्या आरंभीचे तीन नियम असे: सर्व उपकरणांना एकच परवलीचा शब्द असू नये, दोष आढळल्यास तो कळविण्याची सोय असावी, आज्ञावली वेळोवेळी सुधारली जावी. आपल्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राने २०२१ साली याच धर्तीवर संहिता काढली, आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचेही मार्गदर्शक मानक आले. कुलूप कोणत्या घडणीचे असावे हे ही मानके सहसा सांगत नाहीत. दार सुरक्षित राहिले पाहिजे एवढे मात्र बजावतात.

येथे एक कबुली दिली पाहिजे. माझ्या नोकरीच्या काळात एका कार्यालयात असे कॅमेरे बसले. किंमत, संख्या, हमीची मुदत, सारे कागद मी बारकाईने तपासले. परवलीचा शब्द कोणता, तो कोणी बदलला, आणि विकणारा निघून गेल्यावर दुरुस्ती कोण करील, हे मात्र विचारले नाही. दीड वर्षाने एका तरुण तंत्रज्ञाने तो शब्द पुस्तिकेतून मोठ्याने वाचून दाखविला, तेव्हा माझी मान खाली गेली. आमच्या फायलीत यंत्र ‘प्राप्त’ झाले होते. विश्वासार्हतेचा रकाना त्या फायलीत नव्हताच.

घाटावरील कॅमेऱ्यापुढून रोज हजारो माणसे जातात. कोणी अस्थी घेऊन आलेला असतो, कोणी एकटी वृद्धा शेवटचे दिवस काढावयास आलेली असते. त्यांना या मानकांची नावे कधीही कळणार नाहीत. आपणांस कोण पाहत आहे आणि ते चित्र कोठे जात आहे, हा त्यांचा प्रश्न त्यांच्या वतीने आपणच विचारावयाचा आहे. पितळेचे यंत्र चुकते असे दिसताच जयसिंगाने ते बाजूस सारले आणि दगडाच्या यंत्रालाही पाच नगरांची साक्ष लावली. आपल्या दारावरच्या इवल्याशा यंत्राला निदान एक साक्षीदार आपण मागावयास हवा.