स्तनाग्रस्राव

बाळाला अंगावर पाजत नसलेल्या स्त्रीच्या स्तनाग्रातून बाहेर येणाऱ्या कोणत्याही द्रवाला स्तनाग्रस्राव म्हणतात. दूध वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरातून थोडा द्रव एरवीही पाझरत असतो, त्यामुळे दाबल्यावर दोन्ही बाजूंना पिवळसर किंवा हिरवट थेंब दिसणे हा सहसा विकार नसतो. उलट थेंब अजून येतो का हे पाहण्यासाठी रोज दाबत राहिल्यानेच तो येत राहतो.

रुग्णाचे लक्ष रंगाकडे जाते, पण निदानाच्या दृष्टीने स्राव कसा येतो याला अधिक महत्त्व आहे. न दाबता आपोआप येणारा, ब्रेसियरला आतून डाग पाडणारा, एकाच स्तनाच्या एकाच छिद्रातून निघणारा आणि रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखा नितळ स्राव संशयास्पद मानला जातो. त्याचे सर्वांत नेहमीचे कारण पॅपिलोमा, म्हणजे नलिकेच्या आत वाढणारी लहानशी आणि बहुधा निरुपद्रवी गाठ, हे असते. कर्करोग थोड्याच रुग्णांत आढळतो, मात्र वय पन्नाशीपुढे असल्यास किंवा हाताला गाठ लागत असल्यास ती शक्यता वाढते. रजोनिवृत्तीच्या सुमारास नलिका रुंदावल्यामुळे येणारा घट्ट, काळपट हिरवा स्राव रक्तासारखा भासतो, पण पांढऱ्या कापसावर टिपला की त्याची हिरवी छटा उघड होते.

दोन्ही स्तनांच्या अनेक छिद्रांतून येणाऱ्या दुधासारख्या स्रावाचे मूळ बहुधा स्तनात नसतेच. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी प्रोलॅक्टिन हे दूध निर्माण करणारे संप्रेरक स्रवते आणि मेंदूतून येणारे डोपामिन तिला आवर घालते. हा आवर सुटला की गर्भधारणा नसतानाही दूध येऊ लागते. आम्लपित्तावरच्या गोळ्यांत अनेकदा मिसळलेली डॉम्पेरिडोन व लेव्होसल्पिराइड ही औषधे, तसेच रिस्पेरिडोनसारखी मनोविकारांवरील औषधे नेमके हेच करतात, म्हणून महागड्या तपासण्यांआधी चालू गोळ्यांची यादी विचारणे शहाणपणाचे ठरते. मनोविकारांवरील गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नयेत. थायरॉइडची मंदावलेली क्रिया आणि पोष ग्रंथीतील प्रोलॅक्टिनोमा ही गाठ ही आणखी दोन कारणे होत. गाठ असल्यास पाळी अनियमित होते किंवा थांबते, आणि ती मोठी असल्यास डोके दुखते व दोन्ही बाजूंचे दिसणे कमी होते. कॅबरगोलीनच्या गोळ्यांनी ही गाठ बहुतेकदा शस्त्रक्रियेविना आक्रसते. बाळाला पाजणे सोडल्यानंतर काही महिने थोडे दूध येत राहणे स्वाभाविक असते.

दुधासारख्या स्रावात प्रथम गर्भधारणेची चाचणी करून मग रक्तातील प्रोलॅक्टिन व थायरॉइडची तपासणी करतात. संशयास्पद स्रावात स्तनपरीक्षा, सोनोग्राफी आणि वयानुसार मॅमोग्राफी करतात. त्यांतून उलगडा न झाल्यास एमआरआय उपयोगी पडते किंवा ती नलिकाच काढून तपासतात. स्राव काचपट्टीवर घेऊन केलेल्या तपासणीत कर्कपेशी न दिसल्याने कर्करोग नाही असे ठरत नाही.

स्तनाग्राची त्वचा इसबासारखी खवलेदार होऊन ओलसर झाल्यास तो नलिकास्राव नव्हे. सर जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेल्या पॅजेट रोगात असे दिसते, आणि त्यासोबत आत बहुधा कर्करोग असल्याने मलमांवर वेळ न दवडता त्वचेचा तुकडा तपासावा लागतो.