लिनक्सवर प्रिंट उशिरा का निघते? अडथळा शोधण्याची सोपी पद्धत

जुन्या संगणकावर उबुंटू किंवा मिंट टाकले की तो पुन्हा चपळ चालू लागतो. पण प्रिंटचे बटण दाबले की पहिले पान यायला दोन-दोन मिनिटे लागतात, अशी तक्रार अनेकांची असते. घरी एखादे पान काढायचे असेल तर हे चालून जाते. प्रवेश अर्जांच्या दिवसांत दुकानाबाहेर रांग लागलेली असताना मात्र गिऱ्हाईक थांबत नाही. मग प्रिंटर जुना झाला असे समजून नवा घेतला जातो आणि तोही तितकाच हळू चालतो, कारण दोष प्रिंटरमध्ये नव्हताच. म्हणून खर्च करण्याआधी वेळ नेमका कुठे जातो हे शोधायला हवे.

बटण दाबल्यावर काय घडते?

लिनक्सवरील छपाईचे काम 'कप्स' नावाची प्रणाली पाहते. मायकेल स्वीट यांनी 1997 मध्ये तिचे काम सुरू केले आणि 1999 मध्ये ती पहिल्यांदा उपलब्ध झाली. 2002 पासून अ‍ॅपलच्या मॅक संगणकांतही हीच प्रणाली वापरली जाऊ लागली.

तुम्ही दिलेली फाइल आधी कप्सच्या रांगेत जाते. तिथे फिल्टर नावाचे छोटे प्रोग्रॅम तिचे प्रिंटरला समजणाऱ्या भाषेत रूपांतर करतात. मग ती माहिती यूएसबी केबल, नेटवर्क केबल किंवा वायफायमधून प्रिंटरकडे जाते आणि शेवटी कागदावर उमटते. म्हणजे उशीर तीनच ठिकाणी होऊ शकतो: संगणकात, जोडणीत किंवा प्रिंटरमध्ये.

बरेच स्वस्त प्रिंटर स्वतः फारसे काम करत नाहीत. पानाचे ठिपक्यांत रूपांतर संगणकालाच करावे लागते. ए-4 पान 600 डीपीआयवर छापायचे तर सुमारे 3.5 कोटी ठिपके होतात. पूर्ण रंगीत पानासाठी ही माहिती, आकुंचन न करता, 100 एमबीच्या पुढे जाते. डीपीआय 1200 केला की ती चौपट होते.

आधी या चाचण्या करा

1. प्रिंटरची स्वतःची चाचणी. प्रिंटरवरील बटणांनी त्याचे चाचणी पान काढा, किंवा काचेवर कागद ठेवून झेरॉक्स काढा. तेही हळू निघाले तर लिनक्सचा संबंध नाही.

2. साध्या मजकुराची चाचणी. टेक्स्ट एडिटरमध्ये दोन ओळी लिहून प्रिंट द्या. ती लगेच निघाली, पण पीडीएफला वेळ लागला, तर अडथळा बहुधा रूपांतरात आहे.

3. प्रोसेसरवर नजर. पान येण्याची वाट पाहताना सिस्टिम मॉनिटर उघडा. एखादा प्रोग्रॅम प्रोसेसर जोरात वापरत असेल तर संगणक रूपांतरात गुंतलेला आहे. प्रोसेसर निवांत आणि प्रिंटरही शांत असेल तर जोडणी तपासा.

4. उशीर कधी होतो? फक्त पहिल्या पानाला वेळ लागून पुढची भराभर येत असतील तर प्रिंटर झोपेतून जागा होत असेल, किंवा संगणकाला तो नेटवर्कवर लवकर सापडत नसेल. प्रत्येक पानाला सारखाच वेळ लागत असेल तर रूपांतर किंवा दर्जाची सेटिंग तपासा.

अडथळा संगणकात असेल तर

- दर्जा 1200 वरून 600 किंवा 300 डीपीआयवर आणा. अर्ज, पावत्या, हॉल तिकीट यांना एवढे पुरते. रंग नको असेल तर कृष्णधवल निवडा.
- प्रिंटरसाठी निवडलेला ड्रायव्हर तपासा. जवळपासच्या मॉडेलचा ड्रायव्हर लावला असेल तर काम होते, पण कधीकधी फारच हळू. 'ड्रायव्हरलेस' पर्याय दिसत असेल तर त्याने एक वेगळी रांग तयार करून दोन्हींचा वेग ताडून पाहा.
- प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट भाषा समजणारा असेल तर पीडीएफचे पोस्टस्क्रिप्ट कोणता प्रोग्रॅम करतो हे बदलता येते. गोस्टस्क्रिप्टऐवजी पॉपलर वापरल्यावर काही प्रिंटरवर मोठा फरक पडतो.
- मोबाइलवर काढलेल्या फोटोंची पीडीएफ विनाकारण जड असते. छापण्याआधी फोटोंचा आकार कमी करा.

अडथळा जोडणीत असेल तर

नेटवर्क प्रिंटरच्या बाबतीत नेहमीची अडचण पत्त्याची असते. राउटर बंद-चालू झाला की प्रिंटरला नवा आयपी पत्ता मिळू शकतो आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा. रांग नावाऐवजी थेट आयपी पत्त्यावर जोडून पाहा. वेग वाढला तर वेळ नाव शोधण्यात जात होता. एकाच प्रिंटरच्या दोन-तीन रांगा दिसत असतील तर चालणारी एक ठेवून बाकीच्या काढून टाका.

यूएसबीवर असाल तर हब काढून केबल थेट संगणकाला लावा. फार जुन्या यूएसबी 1.1 पोर्टचा किंवा हबचा वेग सेकंदाला कमाल 12 मेगाबिट असतो, तर यूएसबी 2.0 चा 480. वरचे 100 एमबीचे पान पहिल्यातून जायला एक मिनिटाहून जास्त लागेल, दुसऱ्यातून काही सेकंद.

अडथळा प्रिंटरमध्ये असेल तर

कागदाचा प्रकार 'जाड' किंवा 'फोटो' असा राहिला असेल तर प्रिंटर मुद्दाम हळू चालतो. लेझर प्रिंटरमध्ये जाड कागदावर टोनर पक्का बसायला जास्त उष्णता लागते, म्हणून कागद सावकाश सरकतो. दोन्ही बाजूंची छपाई चालू असेल तर कागद उलटून पुन्हा आत जातो, त्यातही वेळ जातो. दिवसभर काम असेल तर प्रिंटरची झोपेची वेळ वाढवून ठेवा.

तरीही कळत नसेल तर

ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी लोकलहोस्ट, मग कोलन आणि 631 टाइप केले की कप्सचे स्वतःचे पान उघडते. तिथल्या 'प्रशासन' विभागात तपशीलवार नोंदी चालू करता येतात. मग एक प्रिंट द्या आणि कप्सच्या एरर-लॉग फाइलमधील वेळा पाहा. लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये 30 किंवा 60 सेकंदांचे अंतर दिसले की उशीर तिथेच होतो आहे. काम झाल्यावर तपशीलवार नोंदी बंद करा, नाहीतर फाइल फुगत जाते.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रत्येक वेळी तेच पान छापून घड्याळ लावा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे फरक पडला हे कळत नाही. आणि शेवटी नवा प्रिंटर घ्यावाच लागला, तर त्याच्या माहितीत 'आयपीपी एव्हरीव्हेअर' किंवा 'एअरप्रिंट' लिहिले आहे का ते पाहा. असा प्रिंटर लिनक्सवर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतो.