म्यानातली धार

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला तलवार भेटली ती रणांगणावर. पुढच्या इयत्तांत तोफा-बंदुकांचे धडे आले आणि तलवार पुस्तकातून निघून गेली. सैन्यातून मात्र ती गेली नाही. दिल्लीतले प्रजासत्ताक दिनाचे संचलन असो की खडकवासल्याच्या प्रबोधिनीतले दीक्षांत संचलन, सलामी देणाऱ्या नायकाच्या हातात आजही तलवारच असते. लढाईतून बाद झालेले हत्यार गणवेशात का टिकले, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात आपल्या दख्खनपासून करू. लुई नोलन हा ब्रिटिश घोडदळातला अधिकारी. १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या प्रसिद्ध हल्ल्यात तो मारला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने घोडदळावर एक पुस्तक लिहिले होते. निजामाच्या रिसाल्यातले स्वार तलवारीच्या एका घावात हात तोडतात, हे ऐकून त्याला त्या तलवारींविषयी मोठे कुतूहल वाटले. चौकशी केली तेव्हा कळले, की ती पाती ब्रिटिश घोडदळानेच जुनी म्हणून मोडीत काढलेली होती! स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि ती लाकडी म्यानात ठेवली. लढाईखेरीज ती बाहेर काढायची नाहीत, हा दंडक. उलट गोऱ्या स्वाराची तलवार पोलादी म्यानात असे आणि प्रत्येक कवायतीला उपसली जाई. काढता-घालताना पोलादावर पोलाद घासून तिची धार मरे. पाते एकच, एकाकडे ते शस्त्र होते, दुसऱ्याकडे हळूहळू दागिना होत चालले होते.

पुढच्या अर्धशतकात रायफली आणि मशीनगन आल्या, आणि तलवार बव्हंशी गणवेशाचा भाग झाली. तिचे नमुने सरकारी नियमांनी ठरत. ब्रिटिश सेनापतींची वक्र तलवार १८३१ पासून इजिप्तच्या मामलुकांच्या धर्तीची आहे. पायदळाच्या अधिकाऱ्यांसाठी १८९७ मध्ये ठरलेला सरळ पात्याचा नमुना आजही समारंभात दिसतो.

शोभेची वस्तू आणि शस्त्र यांतला फरक विसरला की काय होते, हे १९१४ मध्ये दिसले. पहिले महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश अधिकाऱ्यांना तलवारींना धार लावून घेण्याचा हुकूम झाला. त्यांत बर्नार्ड माँटगोमेरी नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. पुढे अल्-अलामीनची लढाई जिंकणारा सेनानी तो हाच. ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या मेतेरां गावाजवळ तो तलवार उपसून आपल्या तुकडीच्या पुढे धावला, आणि समोर बंदूक रोखलेला जर्मन सैनिक उभा! माँटगोमेरीने आठवणींत लिहिले आहे, की तलवारीने माणूस कसा मारायचा हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. त्याला येत होती ती फक्त सलामीची कवायत. शेवटी त्याने त्या जर्मनाच्या ओटीपोटात लाथ मारली आणि जीव वाचवला. धार होती, पण तिचा उपयोग नव्हता. अधिकाऱ्यांच्या तलवारी लवकरच आघाडीवरून दिसेनाशा झाल्या.

मग तलवार निव्वळ देखावा ठरते का? तसेही नाही. १९४५ मध्ये आग्नेय आशियात जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी स्वतःच्या हाताने द्याव्यात, असा माउंटबॅटन यांनी आग्रह धरला. पराभव झाला हे कागदावर लिहिणे पुरेसे नाही, तो डोळ्यांना दिसला पाहिजे, हे त्यामागचे गणित. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात जनरल जेकब यांनीही नियाझींना शरणागतीच्या वेळी तलवार द्यायला सांगितले. नियाझींकडे तलवार नव्हती, म्हणून पिस्तुलावर भागले. पुढे ते तपासले तर नळीत घाण साचलेली. ते नियाझींचे नसावेच, असा जेकब यांचा कयास होता. पण ज्या क्षणी ते जनरल अरोरांच्या हाती पडले, त्या क्षणाचा अर्थ त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही.

सलामी देताना तलवारीची मूठ आधी तोंडाजवळ येते, मग टोक जमिनीकडे झुकते. हातात शस्त्र असलेला माणूस सर्वांसमक्ष ते खाली करतो. हे शस्त्र माझ्या मर्जीचे नाही, हुकमाचे आहे, अशी ती कबुली असते. या कबुलीला धार लागत नाही. लागतो तो, ती देणाऱ्याचा प्रामाणिकपणा.

आपणही दरवर्षी झेंडावंदनाला रांगेत ताठ उभे राहिलो. सर हातवारे करून रांग सरळ करायचे, तेव्हा हे सगळे कशासाठी, असे अनेकांच्या मनात येऊन गेले असेल. समारंभ लढाई जिंकून देत नाही, हे माँटगोमेरीला लाथ मारताना उमगले. पण लढणारा माणूस कोणाला बांधलेला आहे, हे सांगायला समारंभच लागतो. म्हणून ती बोथट तलवार अजून गणवेशात आहे, आणि ती तिथे असावी असेच मला वाटते.